एनिग्मा अ‍ॅप काही महिने वापरल्यावर: 101 व्या अक्षरापासून गंडतंय

दीडशे रुपये भरून, दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैन्याच्या एनिग्मा ह्या गुप्त संदेशाच्या मशिनची नक्कल करणारं हे अ‍ॅप पावसाळ्यात घेतलं, तेव्हा चार स्टार दिले होते. आता दोनवर आणतोय आणि कारण एकच, डबल स्टेपिंग (म्हणजे काय ते पुढं सांगतो).

दिसायला अ‍ॅप लई भारी आहे, दिवे, रोटरचा (अक्षरं बदलणाऱ्या फिरत्या चाकांचा) खटखट आवाज, सगळं झकास. प्लगबोर्डचा (वायरी जोडून अक्षरांची अदलाबदल करायची पाटी) आधी वैताग यायचा, एवढ्याशा स्क्रीनवर 10 वायरी ओढत बसायच्या म्हणजे डोकं उठतं, पण हात बसल्यावर तेच सगळ्यात आवडायला लागलं.

मग वाटलं आपणच पायथन ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत मशिन लिहूया. सैन्याच्या मशिनच्या पाची रोटरचं वायरिंग नेटवर मिळतं, रिफ्लेक्टर बी चं (करंट परत रोटरमधून माघारी पाठवणारा भाग) पण. रोटर एक-दोन-तीन, रिंगा (रोटरवरची अक्षरांची कडी) ए वर, सुरवात ए ए ए, प्लगबोर्ड रिकामा, आणि पाच वेळा ए दाबला की बी डी झेड जी ओ यायला पाहिजे. माझ्या कोडात आलं, अ‍ॅपमध्ये पण आलं. मग मोठा मजकूर टाकला तर पहिली 100 अक्षरं तंतोतंत जुळली आणि 101 व्यापासून कशाचा कशाला मेळ नाही.

आमचे मामा उद्यमनगरात लेथवर असतात, त्यांना खऱ्या मशिनच्या आतले फोटो दाखवले. बघताक्षणी म्हणाले, "मधल्या चाकाची खाच आली की खटका त्यात पडतोय, डावं चाक ढकलतोय आणि मधल्याला पण संगं घेऊन जातोय बघ." हेच ते डबल स्टेपिंग, आणि माझ्या सेटिंगला ते पहिल्यांदा 101 व्या दाबालाच होतं! मधला रोटर लागोपाठ दोन वेळा सरकतो, त्यामुळं चक्र 17576 नाही तर 26×25×26 म्हणजे 16900 दाबांनी पूर्ण होतं. अ‍ॅपवाल्यांनी मात्र रिक्षाच्या मीटरसारखे आकडे फिरवलेत.

आणि हे सहजासहजी कुणाला कळत पण नाही, कारण त्याच अ‍ॅपमध्ये लिहिलं आणि त्याच अ‍ॅपमध्ये उलगडलं तर मजकूर बरोबरच येतो, चूक दोन्हीकडं सारखीच होते ना. जर्मन सैन्यात एक संदेश 250 अक्षरांपर्यंत ठेवायचे, म्हणजे खरा जुना संदेश इथं टाकला तर मधेच बोंब होऊ शकते. रेयेव्स्की ह्या पोलिश गणितज्ञानं 1932 मध्ये सैन्याचं मशिन डोळ्यानं न बघता गणिताच्या जोरावर वायरिंग काढलं, आणि आज सगळी माहिती समोर असताना तुम्हाला एक खाच जमंना?

सपोर्टला सगळं नीट लिहून पाठवलं. उत्तर आलं, सेटिंग तपासा. परत लिहिलं तर म्हणे तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. पैसे परत मागितले, तर मुदत संपली. दीडशे रुपयांत दोघांची मिसळ होते हो.

मधे अपडेट आलं म्हणून आशेनं उघडलं, तर नवीन लाकडी पेटीचं डिझाईन. खाच तशीच.

माझं पायथनवालं दिसायला काळ्या स्क्रीनवर नुसती अक्षरं आहे पण बरोबर चालतं, आता तेच वापरतो. कुठलंही एनिग्मा अ‍ॅप विकत घ्यायच्या आधी फुकटच्या डेमोत एवढं बघा: रोटर एक-दोन-तीन, खिडकीत (रोटरवरची अक्षरं दिसतात तिथं) ए डी यू लावा आणि तीनदा कुठलंही बटण दाबा. ए डी व्ही, ए ई डब्ल्यू, बी एफ एक्स आलं तर बिनधास्त घ्या. तिसऱ्याला ए ई एक्स आलं तर पैसे ठेवा खिशात.