शीचा रिपोर्ट नॉर्मल आणि पोट काय थांबत नाही? म्हापशाची ही लॅब बघा

चार स्टार, पाचवा का नाही ते खाली सांगते. आमच्या ह्यांचं पोट पावसाळा लागल्यापासून बिघडलेलं, फुगतंय, तेलकट शी, सडक्या अंड्याच्या वासाचे ढेकर, आणि दुसऱ्या एका लॅबचा रिपोर्ट काय तर नॉर्मल, मग डॉक्टर म्हणाले आयबीएस, म्हणजे जंतूबिंतू नसताना आतड्याचं नुसतं तंत्र बिघडणं, असेल, टेन्शन घेऊ नका. सासूबाईंनी मुलांना शाळेत 10 फेब्रुवारीला देतात ती जंताची गोळी, अल्बेंडाझोल 400, तीपण देऊन बघितली, पण शेवटी निघाला तो जियार्डिया, आतड्यातला डोळ्यांना न दिसणारा परजीवी, तो त्या एका गोळीने कुठला जायला!

इथे काउंटरवरच्या मुलीने डबी हातात घ्यायच्या आधी विचारलं, एवढ्यात अँटीबायोटिक घेतलं का, बेरियम पिऊन एक्सरे काढला का. ह्यांचा मेट्रोनिडॅझोलचा अर्धवट कोर्स झालेला, तर सरळ म्हणाली आत्ता काही सापडणार नाही, दोनेक आठवडे थांबून या. गिऱ्हाईक परत पाठवणारी लॅब मी तरी पहिल्यांदा बघितली. नंतर पण एक दिवसाआड 3 सॅम्पल मागितली, कारण जियार्डियाच्या सिस्ट (कवचात बसलेले जंतू) रोज पडतातच असं नाही, एका तपासणीत सहज निसटतात. पेडण्याहून कदंबाच्या बसने येणार म्हटल्यावर औषध घातलेल्या बाटल्या दिल्या, साधी पातळ शी अर्ध्या तासात नाही बघितली तर त्यातले जंतू मरून ओळखू येत नाहीत म्हणे.

शेवटच्या सॅम्पलमध्ये सापडलं! टेक्निशियन दादांनी ह्यांना मायक्रोस्कोपमधून दाखवलं पण, आयोडीनच्या थेंबात तपकिरी लंबगोल ठिपके. मग डॉक्टरांनी टिनिडाझोल दिलं, 2 ग्रॅम एकदाच, वर फेणी बंद (ह्यावरून घरात जास्त चर्चा झाली). ढेकर गेले, दूध अजून नीट पचत नाही, ते काही आठवडे चालतं.

शेजारणीच्या पोराला रात्री खाली खाज यायची, तिला तर शी आणूच नका म्हणाले, सकाळी उठल्या उठल्या, धुवायच्या आधी, सेलोटेप चिकटवून आणा, बारीक कृमींची अंडी तिथेच मिळतात.

आता पाचवा स्टार. जाऊबाईंच्या रिपोर्टवर नुसतं 'एन्टअमिबा हिस्टोलिटिका' (आव पाडणारा अमिबा) छापून मोकळे, मायक्रोस्कोपखाली तो आणि त्याचा निरुपद्रवी भाऊ डिस्पार सारखेच दिसतात, अँटीजन टेस्ट लागते, हे त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, लॅबने एक ओळ लिहायला काय जात होतं? आणि शीची तपासणी करणाऱ्या लॅबच्या संडासाला कडी नाही, नळाला पाणी नाही!! सॅम्पल घरूनच न्या. शुक्रवारी बाजारामुळे पार्किंग मिळत नाही, तो वार सोडून जा.