‘बॅक आउट’ की ‘गो बॅक ऑन’?

मराठीत ‘माघार घेतली’ आणि ‘शब्द फिरवला’ यांत जो फरक आहे, जवळपास तोच इथे आहे.

‘बॅक आउट’ म्हणजे ठरलेल्या गोष्टीतून अंग काढून घेणं. घराचा सौदा, सहल, भागीदारी. ‘ही बॅक्ड आउट’ एवढंच म्हटलं तरी वाक्य पुरं होतं. कशातून ते सांगायचं असेल तर पुढे ‘ऑफ’ येतो: ‘ही बॅक्ड आउट ऑफ द डील’. कारण खरंही असू शकतं, आजारपण किंवा पैशाची अडचण. म्हणून स्वतःबद्दलही हे बिनदिक्कत म्हणता येतं: ‘आय हॅड टू बॅक आउट.’

‘गो बॅक ऑन’ला मात्र कर्म लागतंच, आणि ते बहुधा ‘वर्ड’ किंवा ‘प्रॉमिस’ असतं. ‘शी वेंट बॅक ऑन हर वर्ड.’ नुसतं ‘शी वेंट बॅक’ म्हणाल तर ती परत गेली, बस्स! शिवाय यात आरोपाचा सूर आहे. निवडणुकीतल्या आश्वासनांबद्दल इंग्रजी वर्तमानपत्रं हाच प्रयोग करतात, ते उगाच नाही.

मित्र ट्रेकला आला नाही, तर माझ्या मते ‘बॅक्ड आउट’ पुरे. उसने पैसे परत करण्याचा शब्द मोडला, तर दुसरा प्रयोग खुशाल वापरा.