दिनविशेषाचं फाडायचं कॅलेंडर : मजकूर भारी, गोंद बेकार

बेळगावच्या गणपत गल्लीत वह्या-पुस्तकांच्या दुकानांत रोज एक पान फाडायचं दिनविशेषाचं कॅलेंडर आलंय, मराठीतलं, इकडच्याच एका प्रेसनं काढलेलं. नाव घालत नाही कारण खाली थोडा राग काढायचाय. पण घ्या, हे आधीच सांगून टाकतो.

घ्या ते एवढ्यासाठी की पुण्या-मुंबईच्या कॅलेंडरात आपला भाग नसतोच, आणि ह्यात आहे. २६ जानेवारीचं पान बघा. प्रजासत्ताक दिन सगळेच छापतात, पण खाली १८३१ ला नंदगडात इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिली ते पण आहे, आणि २००१ चा भूजचा भूकंप. खानापूरकडच्या माणसाला नंदगड सांगायला नको, पण शहरातल्या पोरांना विचारा, निम्म्यांना पत्ता नसतोय. आता माझी तक्रार पण ह्याच पानावर आहे. १९३० ला ह्याच तारखेला पूर्ण स्वराज्याची शपथ घेतली होती म्हणून राज्यघटना लागू करायला मुद्दाम २६ जानेवारी धरली, घटना तर आदल्या २६ नोव्हेंबरलाच मंजूर झालेली. म्हणजे १९३० आणि १९५० ची गाठ माणसांनी मारलीय, भूज आणि रायण्णा निव्वळ योगायोग. पण कॅलेंडरात चारी ओळी एकसारख्या टिंबाखाली, एका मापाच्या. वाचणाऱ्यानं काय समजायचं?

१ नोव्हेंबरला तर हे जास्तच जाणवतं. १९५६ ला भाषावार राज्यं झाली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, १९७३ ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं, २०१४ ला बेळगावचं बेळगावी केलं. सगळं १ नोव्हेंबरलाच, आणि अर्थात ठरवून. त्याच्याच खाली १७५५ चा लिस्बनचा भूकंप! एक मात्र मानलं, त्या पानावर राज्योत्सव (कर्नाटकचा स्थापना दिन) पण छापलाय आणि मराठी माणसं काळा दिवस पाळतात ते पण, शिवीगाळ नाही, घोषणा नाही, दोन्ही सरळ छापलंय. इथं राहून एवढं छापायला धाडस लागतं की ओ. १७ जानेवारीला सीमालढ्याचा १९५६ चा हुतात्मा दिन आहे, आणि खाली मुहम्मद अली आणि जावेद अख्तरचे वाढदिवस. चालतंय.

सगळ्यात आवडलेलं पान २६ डिसेंबर. १९२४ चं बेळगाव काँग्रेस अधिवेशन, गांधीजी आयुष्यात एकदाच अध्यक्ष झाले ते इथं, टिळकवाडीत, अधिवेशनासाठी खणलेली ती काँग्रेस विहीर अजून आहे. शिवाय बाबा आमटेंचा जन्म, १९१४, आणि २००४ ची सुनामी. पण ह्याच तारखेला २०२४ मध्ये काय झालं ते घातलेलंच नाही! अधिवेशनाला शंभर वर्षं झाली म्हणून काँग्रेसचे सगळे मोठे पुढारी बेळगावात जमलेले, बैठक झाली, आणि त्याच रात्री दिल्लीत मनमोहन सिंग गेले, दुसऱ्या दिवशीची सभा रद्द. जुना मजकूर तसाच उचलून छापलेला दिसतोय. पुढच्या छपाईत घाला राव.

आता चूक म्हणावी अशी गोष्ट. २३ एप्रिलच्या पानावर लिहिलंय की शेक्सपिअर आणि सर्व्हान्टिस १६१६ ला ‘एकाच दिवशी’ वारले. तारीख एक, दिवस एक नाही. इंग्लंड तेव्हा जुन्या ज्युलियन कॅलेंडरवर होतं, स्पेन नव्या ग्रेगोरियनवर, दहा दिवसांचा फरक. म्हणजे शेक्सपिअर गेला तेव्हा स्पेनमध्ये ३ मे होता. वर सर्व्हान्टिस २२ ला गेला आणि २३ ला पुरला असं अभ्यासक धरतात. आणि हे लांबचं नाही हो, शिवाजी महाराजांची १९ फेब्रुवारी १६३० आणि राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ह्या पण ज्युलियन तारखा आहेत, आजच्या हिशेबानं १ मार्च आणि १६ जून येतात. ६ जूनच्या पानावर राज्याभिषेकाखाली १९४४ चं नॉर्मंडीचं लँडिंग टाकलंय, वाचायला भारी वाटतं, पण सूर्याच्या हिशेबानं दोन्ही एका दिवशी नाहीत.

म्हणून तिथी पाहिजे, आणि तिथीच नाही ह्यात. बेळगावात शिवजयंती वैशाखात, चित्ररथ निघतात तेव्हा सगळं गाव रात्रभर रस्त्यावर, आणि कॅलेंडरात त्या दिवशी कुठल्या तरी हिरोचा वाढदिवस. पानामागं रोज एक सुविचार आहे, ‘वेळ हाच पैसा’ टाइपचे, ते काढा आणि तिथी घाला, जागेचा प्रश्नच मिटला. तसंच ८ नोव्हेंबरला नोटबंदी आहे, रॉन्टगेनचा क्ष-किरणांचा शोध आहे, पुलंचा जन्म पण आहे, पण पुलंनी आपल्या बेळगावात प्राध्यापकी केली ही एक ओळ नाही. ४ जुलैला मात्र नीट काम केलंय. जेफरसन आणि जॉन अ‍ॅडम्स, अमेरिकेचे दोन माजी अध्यक्ष, स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी, १८२६ ला, काही तासांच्या अंतरानं गेले, आणि १९०२ ला विवेकानंद. खाली कंसात विवेकानंद १८९२ ला बेळगावला येऊन राहिलेले ते पण दिलंय. असं पाहिजे.

राहिला माल. कागद बरा, शाई हाताला लागत नाही. गोंद मात्र एकदम टुकार, एक पान ओढलं की मागची चार-पाच सोबत येतात, आणि आपल्याकडच्या पावसात भिंतीवर टांगलं तर गठ्ठाच सुटतो. वरून दोन मोठ्या पिना मारून घ्या, दुकानदार काका मागितलं तर मारून देतात. लहान साइज घेऊ नका, त्यात सनांचे आकडे भिंग लावून वाचावे लागतात. मोठं थोडं महाग पडतंय पण वाचता येतंय.