नाशिकहून दिल्ली: ओझर, मुंबई की राजधानी?

नाशिकचा विमानतळ ओझरला आहे. ओझर ते दिल्ली हवाई अंतर साधारण १,००० किलोमीटर, मुंबई ते दिल्ली १,१४०च्या आसपास. ताशी ८०० किलोमीटरचा वेग धरला तर ओझरहून सव्वा तासात पोचायला हवं, पण तिकिटावर असतात दोनेक तास. कारण ही वेळ विमान जागेवरून हलल्यापासून ते दिल्लीत जागेवर लागेपर्यंतची. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं, उतरणं, गर्दी असली तर दिल्लीवर घिरट्या, सगळं त्यात आलं. मुंबईहूनही सव्वादोन तासच लागतात. थोडक्यात, हवेत फारसा फरक नाही. वेळ जातो तो जमिनीवर.

गंगापूर रोडवरून ओझरला पाऊण तास धरा. द्वारका चौकात अडकलात तर एक. काउंटर तासभर आधी बंद होतो, म्हणून दीड तास आधी पोचलेलं बरं. विमानतळ छोटा, सुरक्षा तपासणी पटकन उरकते. दिल्लीत सामान घेऊन मेट्रोत बसेपर्यंत घर सोडून पाच तास झालेले असतात.

मुंबईमार्गे हाच हिशोब नऊ-दहा तासांवर जातो. रस्ता १७० किलोमीटरचा, पण वेळ सांगणं कठीण. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि कसारा घाट टळला, हे खरं. पण आमण्याच्या पुढे भिवंडी-ठाण्याची गर्दी आहेच. एकदा पावसाळ्यात मी विमानाच्या सहा तास आधी निघूनही धावतपळत गेट गाठलं होतं, तेव्हापासून मुंबईचं स्वस्त तिकीट दिसलं की आधी टॅक्सीचं भाडं आणि टोल त्यात मिळवून बघतो. चौघं एकाच गाडीने जाणार असतील तर गणित जमतं, एकट्याला क्वचितच.

तरी मुंबईचा एक फायदा मान्य करायला हवा. तिथून दिल्लीला दिवसभर विमानं आहेत, एक चुकलं तर दुसरं मिळतं. ओझरला पर्याय मोजकेच. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्याने वेळापत्रक कोलमडलं तर दिवस हातचा जातो. त्या दिवसांत सकाळी मुलाखत किंवा कोर्टाची तारीख असेल, तर ओझरहूनही आदल्या दिवशीच निघा. शिर्डीचा काकडी विमानतळ दोन तासांवर आहे. वेळ जुळली तरच बघा.

आणि राजधानी एक्सप्रेस. मुंबईहून येणारी ही गाडी संध्याकाळी नाशिकरोडला येते आणि सकाळी दहाच्या सुमारास हजरत निजामुद्दीनला सोडते. पंधरा तास ऐकायला फार वाटतात, पण त्यातली रात्र झोपेत जाते आणि हॉटेलचं एका रात्रीचं भाडं वाचतं. दुपारचं काम असेल तर मी हीच धरतो. धुकं मात्र रेल्वेलाही सोडत नाही. विमानात साधारणपणे पंधरा किलो सामान आणि सात किलोची हातबॅग एवढंच चालतं, आणि दिल्लीतल्या मावशीकडे कोंडाजी चिवड्याची पिशवी न नेता जायची माझी तरी हिंमत नाही.