मराठी विश्वकोश वर्गात वापरून पाहाल तर

आठवीच्या वर्गात काजूवरचा एखादा उतारा मोठ्याने वाचा आणि ‘हे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणले’ या वाक्यापाशी थांबा. गोव्यातल्या डिचोली-सत्तरीकडच्या मुलांच्या घरामागेच काजूची बागायत असते. ‘मग त्याआधी डोंगरावर काय होते?’ असे कुणीतरी विचारतेच. पुस्तक मिटून मुलांना शोधायला पाठवायची वेळ तीच, आणि त्या कामी मराठी विश्वकोशाचे संकेतस्थळ कितपत पुरते, ते इथे सांगायचे आहे.

वाईहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. आज सगळे खंड फुकट वाचता येतात. वनस्पतीच्या नोंदीत सुरुवातीलाच कंसात इतर भाषांतली नावे, लॅटिन नाव आणि कुल (म्हणजे वनस्पतीचे कुटुंब) दिलेले असते. मुले हा कंस ओलांडून पुढे जातात; त्यांना तिथेच अडवा. काजूचे कुल ॲनाकार्डिएसी. तेच आंब्याचे, तेच बिब्ब्याचे. काजूच्या टरफलातले तेल हाताला का भाजते आणि बिब्बा अंगावर का उततो, हे दोन प्रश्न मुले मग स्वतःच जोडतात. शेवटी ‘पहा’ असे लिहून दिलेल्या नोंदी म्हणजे पुढच्या शोधाची आयती वाट.

अडते ते शोधचौकटीत. ‘काजूचे’ असे विभक्ती लावून लिहिले की नोंद हाती लागेलच असे नाही; मूळ शब्द द्यावा. व्यक्तीचे आडनाव आधी. शब्द दोन-तीन तऱ्हांनी लिहून पाहावा, कारण विश्वकोशाचे लेखन शाळेच्या पुस्तकाशी दरवेळी जुळत नाही.

दुसरी अडचण वयाची. ‘ग’चा खंड गोव्याला ३० मे १९८७ रोजी घटकराज्याचा दर्जा मिळण्याआधीचा, त्यामुळे तिथे गोवा केंद्रशासितच आहे. काजूफेणीला २००९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकनही जुन्या खंडात असणार नाही. आमच्या मते हा दोष नव्हे, उत्तम गृहपाठ आहे: नोंदीतले काय बदलले ते शोधा. ताज्या माहितीसाठी विश्वकोशाच्या ज्ञानमंडळांच्या (विषयवार तज्ज्ञगटांच्या) नव्या नोंदी पाहाव्यात.

भाषा मात्र जड. पाचवी-सातवीला थेट विश्वकोश देऊ नये, कुमार विश्वकोश द्यावा. आठवीपुढे चौघांचा गट, प्रत्येक गटाला वेगळा एक प्रश्न आणि दोन तासिका. पहिल्या तासिकेत वाचन आणि प्रश्नांच्या चिठ्ठ्या, दुसरीत शोध. नोंद जशीच्या तशी वहीत उतरवणे हे नेहमीचे दुखणे, त्यावर उपाय सोपा: पडदा बंद करून तीन ओळी लिहायच्या, चौथ्या ओळीत नोंदीचे नाव. सगळ्यांना एकच प्रश्न दिलात तर एक गट शोधतो, बाकीचे त्याचे उतरवतात.

डोंगरावर आधी काय होते, याचे उत्तर काजूच्या नोंदीत मिळणार नाही. त्यासाठी पणजीत पाटोला कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय गाठावे. १८३२ पासूनच्या या संग्रहात पोर्तुगीज ग्रंथ बरेच, म्हणून ती भाषा वाचणारे कुणी बरोबर असलेले बरे. आणि निघण्याआधी गावातल्या जाणत्या बागायतदाराला तोच प्रश्न विचारून घ्यावा.