लाँगआर्म मशीन, चौदा महिने: तेल, रुई आणि मागचं डावं चाक

गोधड्या शिवायला घेतलेल्या लाँगआर्म मशीनला आता चौदा महिने झाले. सेकंडहँड आहे, दहा फुटी फ्रेम. गोधडी फ्रेमवर ताणून ठेवायची आणि शिवणारं डोकं रुळावरच्या चाकांवर हाताने ढकलायचं. टाका सुरेख पडतो, त्यावर जास्त बोलत नाही. मला लिहायचंय ते देखभालीबद्दल, कारण मशीन घेताना त्याविषयी कुणी धड सांगितलं नाही.

आमचं घर सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या बाजूला. आजूबाजूला यंत्रमाग, टॉवेलचे कारखाने. सकाळी पुसलेल्या खिडकीच्या जाळीवर संध्याकाळी रुई दिसते. त्यात मी शिवते सुती, आतही कापूसच. मशीनसोबतच्या पुस्तकातलं साफसफाईचं वेळापत्रक बंद, स्वच्छ खोलीतल्या माणसाने लिहिलंय हे कळायला दोन महिने गेले. आता मी त्यातली प्रत्येक मुदत निम्मी धरते.

सगळ्यात लाडाचा भाग म्हणजे हुक, सुईखाली फिरून वरचा धागा बॉबिनच्या धाग्यात अडकवणारा. एका टाक्याला हुक दोन फेरे मारतो. मिनिटाला १५०० टाके पडले तर ३००० फेरे. कोरडा पडला की आधी आवाज बदलतो, मग धागा तुटायला लागतो. म्हणून दर वेळी बॉबिन बदलताना तिची डबी (केस) बाहेर काढायची, ब्रशने रुई ओढून घ्यायची आणि हुकच्या कडेला तेलाचा एक थेंब. एकच! सुरुवातीला मी तीन-चार सोडायचे. बाळाच्या पांढऱ्या दुपट्यावर तपकिरी ठिपक्यांची रांग उमटली. ते दुपटं आता आमच्याच घरात वापरतो. तेव्हापासून तेल दिल्यावर जुन्या धोतराच्या तुकड्यावर हातभर शिलाई मारल्याशिवाय गिऱ्हाइकाचं कापड लावत नाही. तेल शिलाई मशीनचं पातळच हवं. सासूबाईंनी खोबरेलाची बाटली पुढे केली होती, पण जानेवारीत ती बाटली रोज सकाळी उन्हात ठेवावी लागते हे त्यांनाच आठवलं आणि विषय संपला. ब्लोअरने हवा मारण्याचा सल्लाही मिळाला होता. त्याने रुई बाहेर येण्याऐवजी आणखी आत जाऊन बसते.

सुई साधारण आठ तास चालवली की बदलते, चांगली दिसत असली तरी. एकदा जाड शिवणीवर सुई मोडली आणि नंतर धागा पिंजायला लागला. हुकच्या टोकावरून नख फिरवलं तर ओरखडा लागला. झिरोच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासला, थांबलं.

खरा ताप झाला जूनमध्ये. गोल नक्षी काढताना दिशा बदलली की प्रत्येक गोलाला कोपरा यायचा. विकणाऱ्याच्या माणसाने फोनवरच निकाल दिला, "टायमिंग गेलंय", म्हणजे सुई आणि हुकचा मेळ बिघडलाय; येण्याचे पैसे वेगळे. मी धाग्याचं टेन्शन सैल केलं, आवळलं, धागा बदलला. चार दिवस वाया. शेवटी शेजारच्या अण्णांना बोलावलं. त्यांचं आयुष्य मागावर जॉबर म्हणून, म्हणजे माग दुरुस्त करण्यात गेलेलं. त्यांनी मशीन बंद करायला लावली, एका बोटाने डोकं ढकललं आणि मान तिरकी करून ऐकत राहिले.

"अक्का, टायमिंग गेलं तर टाका सुटंल की. नक्षी कशाला वाकडी हुईल? खाली बघा."

मागच्या डाव्या चाकाच्या आसाला धागा गुंडाळला होता. लाल! म्हणजे जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेआधी शिवलेल्या गोधडीचा, पाच महिने तिथेच फिरत होता. चिमट्याने ओढला तर वीतभर निघाला, मळाने काळा, रुईने सुतळीएवढा जाड. पुढचा गोल गोल आला.

आता रोज रूळ कोरड्या फडक्याने पुसते (तेल नाही, त्याला रुई चिकटते) आणि आठवड्याला चारही चाकं मोबाईलच्या उजेडात बघते. आमच्याकडे व्होल्टेज खालीवर होतं म्हणून स्टॅबिलायझर लावलाय, तो खर्च धरूनच मशीन घ्या.

ते डावं चाक मात्र अजून किंचित खरखरतं, बदलायला झालंय. अण्णा म्हणतात बेअरिंग एमआयडीसीत मिळेल, फक्त नंबर वाचून आणा. कालपासून भिंग घेऊन बसलेय, शेवटचा आकडा तीन आहे की आठ तेच कळेना.