उजळणी: पुन्हा वाचून की आठवून लिहून?

ओळखीच्या एका बाईंना प्रश्न पडलाय: सहामाहीआधी वर्गाकडून धडा पुन्हा वाचून घ्यावा, की पुस्तक मिटून आठवेल ते लिहायला लावावं?

टिकाऊपणा पाहा. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते: त्यांना उताऱ्यातलं 83 टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना 71. आठवड्याने चित्र उलटलं. नुसतं वाचणारे 40 वर घसरले, तर एकदा वाचून पुढे आठवून लिहिणारे 61 वर राहिले. गंमत म्हणजे आपल्याला पुढेही आठवेल असा जास्त भरवसा वाचणाऱ्यांनाच होता!

खर्च दोन्हींत शून्य. आठवण्यात मेहनत जास्त. पान कोरं राहिलं की मुलं हिरमुसतात. म्हणून गुण देऊ नका, उत्तरं मात्र लगेच दाखवा.

तोंडी परीक्षा तासाभरावर असेल तर वाचन. सहामाहीला आठवून लिहिणंच.